घरी बांधलेल्या गाडीला हीटर कशाला?

वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात, इंझोरीसारख्या गावात कुणी आपल्या हाताने दोन सीटची उघडी गाडी बांधायला घेतली आणि तिला हीटर बसवायचा आहे असं म्हणाला, तर पहिला प्रश्न हाच येणार. मे महिन्यात इथे पारा बेचाळीसच्या वर असतो, उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लागला तर चटका बसतो. अशा मुलखात गाडी थंड ठेवायची सोडून ती गरम कशाला करायची? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर नीट समजलं तर हीटर कसा बसवायचा हेही त्यातूनच कळतं.

वऱ्हाडाचं वर्ष एकट्या उन्हाळ्याचं नाही. तूर शेंगांवर आलेली असते, हरभऱ्याला रात्रीच्या लायनीवर पाणी सुरू असतं, त्या दिवसांत पहाटे बाहेर पडणाऱ्याला विदर्भातली थंडी काय असते ते वेगळं सांगावं लागत नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात किमान तापमान ३.५ अंशांवर गेलं होतं. आठ अंशांच्या पहाटे उघड्या गाडीतून ताशी ऐंशीने जाताना वारा अंगाची ऊब इतक्या वेगाने ओढून नेतो की उघड्या कातडीला ते तापमान दीड-दोन अंशांसारखं लागतं. बोटं बधिर होतात, ब्रेकवरच्या पायाला अंदाज राहत नाही. थंडीचा त्रास माणूस सोसू शकतो, पण पायाचा अंदाज चुकला तर तो अपघात असतो.

तरीही थंडी हे हीटरचं दुसरं कारण. पहिलं कारण समोरची काच आहे.

कापडी टप ओढून बाजूचे पडदे लावले की अशा गाडीत जेमतेम दीड घनमीटर हवा उरते. दहा अंशांवर एक घनमीटर हवा साधारण ९.४ ग्रॅम वाफ धरू शकते. म्हणजे दीड घनमीटरला चौदा ग्रॅम. पहाटेची हवा आधीच दमट असते, त्यामुळे त्यातली तीन-चार ग्रॅमचीच जागा रिकामी असते. शांत बसलेला माणूस श्वासातून आणि अंगातून तासाला चाळीस ग्रॅमच्या आसपास वाफ सोडतो. दोघं बसले तर ऐंशी. हिशेब केला तर दोन-तीन मिनिटांत ती जागा भरते, आणि पुढची सगळी वाफ सगळ्यात गार असलेल्या पृष्ठभागावर, म्हणजे समोरच्या काचेवर, थेंब होऊन बसते. फडक्याने पुसली की मिनिटभरात परत येते, कारण काच अजून गारच असते.

हीच दहा अंशांची हवा चाळीस अंशांपर्यंत तापवली तर तिची वाफ धरण्याची ताकद घनमीटरला ५१ ग्रॅमवर जाते. हवेत पाणी तेवढंच, पण आता ती हवा तहानलेली असते. ती काचेवर सोडली की दोन कामं एकदम होतात: थेंब हवेत जातात आणि काच स्वतः तापून दवबिंदूच्या वर येते, म्हणून वाफ परत बसत नाही. पावसाळ्यातही हेच. जुलैच्या झडीत ओले कपडे, ओली चटई आणि पावसाने गार झालेली काच असा मेळ जमतो तेव्हा एसी नसलेल्या गाडीत गरम वाऱ्याचा झोत सोडण्याखेरीज दुसरा खात्रीचा उपाय नाही. म्हणून घरी गाडी बांधणाऱ्याने हीटरची हवा आधी काचेच्या पायथ्याशी न्यावी आणि उरलेली पायांकडे द्यावी. सगळी हवा पायांवर सोडून काच कोरडी ठेवणारा हीटर मी अजून पाहिलेला नाही.

महाराष्ट्रात अशा गाड्या काही नवलाच्या नाहीत. अलिबागजवळ कारलेखिंडीत चिंकारा मोटर्सने रोडस्टर नावाची दोन सीटची गाडी बांधली: नळ्यांची चौकट, वर फायबरग्लासची बॉडी आणि पुढे इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन, म्हणजे आपल्याकडे काँटेसात आणि ॲम्बॅसॅडरमध्ये बसलं होतं त्याच घराण्यातलं. गोव्यात सॅन स्टॉर्म निघाली. तीही फायबरग्लासची, रेनॉच्या ११४९ सीसी इंजिनावरची. रोडस्टरचा घाट ज्या गाडीवरून आला ती लोटस सेव्हन कॉलिन चॅपमनने इंग्लंडमध्ये १९५७ साली बाजारात आणली. ती सुट्या भागांत विकली जायची, कारण घरी जुळवलेल्या गाडीवर तिथला खरेदी-कर लागत नव्हता. १९७३ पासून तीच गाडी केटरहॅम बनवते. तिथल्या थंडीत हीटर हा हौशी बांधणाऱ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय, आणि या विषयावरचं बरंचसं शहाणपण तिथूनच आलेलं आहे. पण ते जसंच्या तसं उचलून वऱ्हाडात चालत नाही. का चालत नाही ते पुढे सांगतो.

आणि सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव डिसेंबर २०२१ मध्ये वेगळ्याच कारणाने गाजलं. दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जमवून, साधारण साठ हजार रुपयांत, किक मारून सुरू होणारी छोटी जीप आपल्या घरच्यांसाठी बांधली. आनंद महिंद्रा यांनी तिचं मनापासून कौतुक केलं आणि ही गाडी नियमात बसत नसल्याने आज ना उद्या अडवली जाईल हेही स्पष्ट सांगितलं. तिच्या बदल्यात त्यांनी देऊ केलेली बोलेरो जानेवारी २०२२ मध्ये लोहारांच्या दारात आली. कायद्याची बाजू इथे सांगायला हवी. नव्या गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून तपासून घेतल्याशिवाय तिची नोंदणी होत नाही, आणि नोंदणी असलेल्या गाडीत मूळ रचना बदलायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. तेव्हा घरी बांधलेली गाडी शेतात, खाजगी जागेत चालवायची की परवानगीच्या वाटेने जायचं, हे पहिली नळी कापायच्या आधी ठरवावं. हीटरचं म्हणाल तर पुढचं सगळं टपाच्या जुन्या जीपलाही जसंच्या तसं लागू पडतं, आणि अशा जिपा आपल्याकडे पुष्कळ आहेत.

आता उष्णता आणायची कुठून? ती गाडीत आधीच असते. ताशी साठ किलोमीटरने जाणारी, लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी तासाला चार लिटर पेट्रोल जाळते. एका लिटरात नऊ युनिट ऊर्जा असते, म्हणजे तासाला छत्तीस युनिट. त्यातला चौथा हिस्सा, फार तर त्याहून थोडा जास्त, चाकांपर्यंत पोचतो. एक तृतीयांशाच्या आसपास सायलेन्सरमधून जातो आणि जवळपास तेवढाच इंजिनाभोवतीच्या पाण्यातून रेडिएटरकडे जाऊन वाऱ्यावर सोडला जातो. हे दहा-बारा किलोवॅट झाले. हीटरला लागतात दोन-तीन. घरात आपण दोन कांड्यांचा हीटर लावतो तो दोन हजार वॉटचा असतो. इंजिन त्याच्या पाचपट ऊब दर क्षणाला फेकून देत असतं.

म्हणूनच सिगारेटच्या सॉकेटमध्ये खोचायचे जे १२ व्होल्टचे हीटर विकतात त्यांत पैसे घालू नयेत. त्यांची ताकद दीडशे वॉटच्या आसपास असते. दोन हजार वॉट विजेवर काढायचे म्हटले तर दीडशे अँपिअर लागतील, आणि लहान गाडीचा अल्टरनेटर पन्नास-साठ अँपिअरचा असतो.

पाण्याच्या हीटरची बांधणी साधी आहे. पत्र्याच्या किंवा प्लास्टिकच्या डब्यात एक छोटा रेडिएटर, त्याला हीटर कोअर म्हणतात. मागे ब्लोअरचा पंखा. इंजिनातून नव्वद अंशांचं पाणी एका नळीने येतं, कोअरमधून फिरतं आणि दुसऱ्या नळीने परत जातं. मिनिटाला पाच लिटर पाणी फिरून दहा अंशांनी निवलं तरी साडेतीन किलोवॅट मिळतात.

पाणी कुठून घ्यायचं आणि कुठे सोडायचं यात मात्र चूक झाली की हीटर कोमटच राहतो. इंजिनाचा पंप पाणी ढकलतो, म्हणून पंपाच्या पुढे दाब जास्त आणि पंपाच्या तोंडाशी कमी. गरम पाणी सिलिंडर हेडमधून, थर्मोस्टॅटच्या अलीकडून घ्यायचं आणि पंपाच्या ओढणाऱ्या बाजूला परत सोडायचं. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो. तोवर रेडिएटरकडे पाणी जात नाही, पण हेडमधून निघणाऱ्या हीटरच्या नळीत ते पहिल्यापासून फिरत असतं. थर्मोस्टॅटच्या पलीकडून पाणी घेतलं तर इंजिन पूर्ण तापेपर्यंत गार वाराच लागेल, आणि पहाटे ऊब हवी असते ती त्याच पहिल्या पाच-दहा मिनिटांत.

इंग्लंडमधल्या हौशी माणसाची चिंता हीटर पुरेसा गरम कसा होईल ही असते. वऱ्हाडातल्या माणसाची पहिली चिंता तो पुरता बंद कसा होईल ही असली पाहिजे. नुसता पंखा बंद केला म्हणजे हीटर बंद झाला असं होत नाही. नव्वद अंशांचं पाणी कोअरमधून फिरतच राहतं आणि मे महिन्यात पायांवर निखारा ठेवल्यासारखं होतं. सेव्हनच्या घाटाच्या गाडीत पाय गिअरबॉक्सच्या अरुंद बोगद्याला चिकटलेले असतात, तो बोगदा आधीच तापलेला. त्यात हीटरची भर पडली तर गाडी उन्हाळाभर घरी उभी राहील. म्हणून कोअरकडे येणाऱ्या नळीवर झडप बसवायची, ती बोनेटच्या आत, पायांपासून लांब. आणि ती डॅशबोर्डवरून केबलने चालवायची. जुनी झडप थोडी झिरपते, आणि झिरपण्याएवढ्या पाण्यानेही डबा तापतो. झडपेवर दोनशे रुपये वाचवू नयेत. डब्याला आतून फोमचं अस्तर द्यावं.

इथे एक बारकावा आहे. काही इंजिनांत थर्मोस्टॅट बंद असताना पाणी फिरत राहण्याची वाट हीटरमधूनच ठेवलेली असते. अशा इंजिनावर साधी झडप बंद केली तर ती वाटच बुजते. हेडमधलं पाणी जागच्या जागी तापतं, थर्मोस्टॅटला त्याची वर्दी उशिरा लागते आणि हेड वाकण्याची वेळ येते. म्हणून वेगळी बायपास नळी आहे की नाही हे मिस्त्रीला विचारून, इंजिनावर बोट ठेवून पाहून घ्यावं. ती नसेल तर चार तोंडांची झडप वापरायची. ती बंद केली की पाणी कोअरकडे न जाता झडपेतूनच माघारी इंजिनाकडे वळतं. हीटर पुरता बंद राहतो आणि इंजिनाची वाटही मोकळी राहते. माझ्या मते आपल्या हवेत, इंजिन कुठलंही असलं, तरी हीच झडप लावावी.

उन्हाळ्यातही हा हीटर एकदा तरी कामाला येतो. चढावर किंवा गर्दीत इंजिनाचा काटा लाल रेघेकडे सरकायला लागला तर हीटर आणि पंखा पूर्ण सोडायचा. माणसाला ते नकोसं होतं, पण दोन-तीन किलोवॅट उष्णता इंजिनातून निघून जाते आणि गाडी बाजूला घेऊन थांबेपर्यंत हेड वाचतं. तो मुळात एक दुसरा रेडिएटरच आहे.

नवा कोअर घ्यायची गरज नाही. जुन्या एसीवाल्या मारुती ८०० चा हीटरचा डबा भंगारात मिळू शकतो, आणि लहान गाडीला तो पुरतो. पण घरी आणलेला कोअर तपासल्याशिवाय गाडीत जाऊ देऊ नये. आधी एका तोंडातून नळाचं पाणी सोडून पाहा. पहिल्यांदा विटकरी, गढूळ पाणी येईल. धार दुसऱ्या तोंडातून तेवढ्याच जोराने बाहेर पडत नसेल तर आत क्षार साचलेला आहे. कोमट पाण्यात लिंबूसत्व विरघळवून तासभर भरून ठेवलं आणि उलट्या बाजूने धुतलं की बराचसा निघतो. मग एका तोंडावर रबरी नळीचा तुकडा चढवून त्यात बोल्ट ठोकून क्लिप आवळायची, दुसऱ्या तोंडाला सायकलचा पंप जोडायचा आणि कोअर पाण्याच्या टपात बुडवायचा. पंप हळू मारायचा. गाडीच्या रेडिएटरचं झाकण सुमारे ०.९ बार दाब धरतं. त्याहून फार वर गेलं तर चांगला कोअरही फाटेल. नळ्या जिथे टाकीला मिळतात त्या कडेवर नजर ठेवायची. सुईच्या टोकाएवढ्या बुडबुड्यांची माळ तिथूनच निघते. निघाली तर तो कोअर बाजूला ठेवावा. डाग देऊन तो चालवता येतो, पण नव्वद अंशांचं पाणी आपल्याच पायांवर यायचं आहे हे लक्षात असू द्यावं.

क्षार मुळात साचूच नये म्हणून बोअरचं पाणी भरू नये. आपल्याकडच्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं, अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातलं तर खारटच, आणि कोअरच्या नळ्या रेडिएटरपेक्षा बारीक असल्याने आधी त्याच बुजतात. बॅटरीसाठी मिळतं ते शुद्ध पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घालावं. वऱ्हाडात पाणी गोठत नाही हे खरं, पण कूलंट गंजही रोखतो, आणि ॲल्युमिनियमचं हेड व तांब्या-पितळेचा कोअर एकाच पाण्यात असले की गंजाची भीती वाढते. एथिलिन ग्लायकॉलचा कूलंट चवीला गोड आणि विषारी असतो. सांडलेला चाटून कुत्री मरतात. डबा लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

नळ्यांच्या बाबतीत एक गोष्ट बजावून सांगायची आहे. शेतात ठिबकची काळी नळी पडलेली असते, ती जाडीलाही जुळते, आणि हात तिच्याकडे जातो. ती वापरू नये. ते पॉलिथिन नव्वद अंशांना मऊ पडतं आणि दाबाखाली क्लिपमधून निसटतं. कापडी विणीची हीटर होज मिळते, बहुतेक गाड्यांना १६ मिलिमीटर आतल्या मापाची चालते, तीच घ्यावी. इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याला, म्हणजे फायरवॉलला, भोक पाडल्यावर रबरी ग्रोमेट बसवल्याशिवाय त्यातून नळी घालू नये. पत्र्याची धार थरथरत्या इंजिनाबरोबर हळूहळू रबर कापते. सायलेन्सरच्या पाइपापासून नळी वीतभर तरी दूर असावी.

यापुढचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. पाण्याच्या नळ्यांची खटपट टाळण्यासाठी काही जण एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर पत्र्याचं वेष्टण घालतात आणि तिथली तापलेली हवा थेट गाडीत आणतात. हा प्रकार जुना आहे. फोर्डच्या मॉडेल ए गाडीला असे हीटर लावत, आणि हवेवर थंड होणाऱ्या जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्येही एक्झॉस्टभोवती फिरलेलीच हवा आत येई. कंपनीने नीट बनवलेल्या बंद कप्प्यांतही गंजून भोक पडलं की धूर आत शिरायचा. मग घरी ठोकलेल्या पत्र्याची काय कथा. मॅनिफोल्डची गॅस्केट जराशी फुंकली तरी त्या वाटेने कार्बन मोनॉक्साइड येतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक ओढीने त्याला धरून ठेवतं. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस ती थकव्याची झोप समजतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली घरंच्या घरं याच वायूने जातात. असा हीटर कुणी बसवून देतो म्हणाला तर हात जोडून नको म्हणावं.

पाण्याच्या हीटरमध्येही हवा कुठून घेता याला महत्त्व आहे. ब्लोअरचं तोंड बोनेटच्या आत उघडं ठेवलं तर तेलाचा आणि पेट्रोलचा वास, आणि गळका सायलेन्सर असेल तर तोच वायू, पंख्याने ओढून आत येतो. हवा काचेच्या पायथ्याशी बाहेरून घ्यावी. अमेरिकेत नॅश कंपनीने १९३८ साली बाहेरची हवा गाळून, तापवून आत सोडायची पद्धत आणली. त्यात आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहतो, त्यामुळे फटींतून थंड वारा आणि धूळ आत न येता आतली हवाच बाहेर जाते. कापडी टपाच्या गाडीला फटी भरपूर असतात, तिला याचा फायदा जास्तच.

मोटरसायकलचं हवेवर थंड होणारं इंजिन लावलेल्या गाडीत पाणीच नसतं. तिथे डिझेल जाळणारा स्वतंत्र हीटर हा एक सुरक्षित मार्ग आहे. त्याचा जाळ बंद कप्प्यात असतो आणि धुराची नळी थेट गाडीबाहेर निघते. पण तो महाग आहे, आणि आपल्या दोन महिन्यांच्या थंडीसाठी मला तो परवडणारा वाटत नाही. तिथे जाड जाकीट बरं.

विजेचं काम थोडंच. ब्लोअर पूर्ण वेगात दहा-पंधरा अँपिअर ओढतो, म्हणून त्याला वेगळा फ्यूज, रिले आणि अडीच चौरस मिलिमीटरची तार हवी. वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर डब्याच्या आत, वाऱ्याच्या वाटेतच बसवायचा. बाहेर बसवला तर तापून प्लास्टिक वितळतं.

सगळं जोडल्यावर हीटर गार राहिला तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: कोअरमध्ये हवा अडकलेली. कोअर इंजिनापेक्षा उंच बसला की हवा तिथे जाऊन बसते आणि पाणी तिला ढकलू शकत नाही. इंजिन पूर्ण गार असताना गाडीचं नाक चढावर घ्यावं, रेडिएटरचं झाकण काढावं, झडप उघडावी आणि कोअरची वरची नळी जरा ढिली करावी. वरून कूलंट ओतत राहिलं की आधी फसफस ऐकू येते, मग बुडबुडे येतात, मग सलग धार. धार आली की क्लिप आवळावी. तापल्या इंजिनाचं झाकण मात्र कधीही उघडू नये. ०.९ बारच्या दाबाखाली पाणी ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण सैल होताच दाब पडतो आणि ते एकदम उकळून तोंडावर येतं.

पहिल्या लांबच्या फेरीनंतर, इंजिन निवल्यावर, सगळ्या क्लिपा पुन्हा आवळाव्यात. रबर तापून बसतं आणि क्लिप सैल पडते. रेडिएटरमधली पातळी पाहावी. पायाखालची चटई उचलून खाली हात फिरवावा. ओल लागली, गोडसर वास आला किंवा काचेवर आतून चिकट धुरकट थर दिसला, तर कोअर किंवा त्याचा जोड गळतो आहे. तेव्हा झडप बंद करून कोअर काढावा आणि त्याला परत टपात बुडवून पाहावा.